एक मूल, एक हात

वहिनीच्या गळ्यात कायम शिट्टी असते. पोहण्याच्या तलावावर असताना असते ते ठीक, तिथे ती मुलांना पोहायला शिकवते. पण भाजी घेताना, बँकेत, माझ्याकडे चहाला आली तरी ती काढून ठेवायचं तिला सुचत नाही. मुलं तिला शिट्टीबाई म्हणतात आणि ते तिला ठाऊक आहे. तिच्या अंगाला बारा महिने तलावात टाकायच्या औषधाचा वास येतो, केस उन्हाने आणि त्या पाण्याने तांबूस झालेत, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरचं मूलही मस्ती थांबवून सरळ उभं राहतं.

ती माझी वहिनी आहे, म्हणजे लोकांच्या हिशेबाने होती. तिची आणि दादाची कोर्टात फारकत झाली तेव्हा नात्यातल्या एका बाईंनी मला मुद्दाम विचारलं, की आता तू तिला काय म्हणणार. वहिनीच म्हणणार, मी म्हटलं. त्या दोघांनी एकमेकांना सोडलं असेल, मी कुणाला सोडलेलं नाही.

दादा विजेच्या मोठ्या लाइनीचे टॉवर उभारतो. खालून मुंगीएवढा दिसेल इतक्या उंचीवर पट्ट्याला लटकून काम करतो, आणि गुडघाभर पाण्यात पाय घालायची वेळ आली की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. अशा माणसाने पोहायला शिकवणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडावं, यावर आम्ही घरात पुष्कळ हसलो होतो. पुढे हसणं संपलं. दादा वर्षातले बहुतेक महिने कुठल्या तरी डोंगरावर, घरी येणार तो पाहुण्यासारखा. आणि हा पाहुणा दारात चपला काढता काढताच डबे कुठे ठेवावेत, मुलीशी कसं बोलावं, दार कसं लावावं, सगळं सुधारायला घ्यायचा. वहिनीने काही वर्षं ऐकून घेतलं, मग उलट बोलायला लागली, मग एकदम गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हाच मी ओळखलं होतं, की आता हे काही सांधलं जाणार नाही.

कोर्टात ठरलं ते ऐकायला सोपं होतं. मुलगी आईकडे राहील, शाळेची मोठी सुट्टी वडिलांकडे घालवेल. वादळी वाऱ्याच्या दिवसांत टॉवरवर चढायला मनाई असते, त्यामुळे दादाला तेव्हा सलग रजा मिळते, आणि शाळेला मोठी सुट्टीही तेव्हाच असते. बघा, कसं जुळून आलं, असं वकील म्हणाले. जुळून आलं ते दादाचं. वहिनीचा तलाव वर्षातून एकदाच खऱ्या अर्थाने भरतो, तो त्याच सुट्टीत. सगळ्या वस्तीची पोरं टॉवेल खांद्यावर टाकून तिच्याकडे येतात. तिची स्वतःची मुलगी तेवढी नसते. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण लहानपणी ती खारीसारखा घास गालात साठवून ठेवायची. ती तेव्हा दादाच्या डोंगरावरच्या खोलीत असते. याचा परिणाम असा, की शिट्टीबाईंच्या मुलीला अजून धड पोहता येत नाही. काठ धरून पाय मारते, बस. कुणी चेष्टा केली की वहिनीही हसते, आणि तिचं ते हसणं मला बघवत नाही.

फारकतीनंतर ती दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. भांडत नाहीत, बोलतच नाहीत. त्याला सांग खारूला ताप आहे. तिला सांग औषध पाठवलंय. त्याला सांग औषध आमच्या इथेही मिळतं. मी दातांच्या डॉक्टरांकडे कामाला आहे. दिवसभर तिथे फोन घ्यायचे, कण्हणाऱ्यांना नंबर द्यायचे, आणि मधल्या वेळात या दोघांचं टपाल. डॉक्टर एकदा म्हणाले, तुझे घरचे पेशंट जरा जास्तच आहेत. ते खरं होतं, म्हणून मला राग आला.

मागच्या वर्षी शाळेने टूम काढली. मुख्याध्यापिका नव्या होत्या, आणि नव्या माणसाला काहीतरी हलवल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की वर्षाची आखणीच बदलायची. मोठी सुट्टी मोडायची, तिचे चार लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी एकेक वाटून द्यायचा. पालकांची मतं घेऊ आणि मगच ठरवू, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं.

वहिनी या गोष्टीच्या मागे हात धुऊन लागली. एरवी पालकसभेला ती मागच्या दाराशी उभी राहते आणि घड्याळ बघते. आता तलावावर मुलांना सोडायला आलेली प्रत्येक आई, प्रत्येक बाप तिच्या तावडीत सापडायला लागला. तिचा मुद्दा बिनतोड होता. मोठ्या सुट्टीत शिकलेलं मूल वर्षभराने येतं तेव्हा श्वास कधी घ्यायचा तेही विसरलेलं असतं, पुन्हा काठापासून सुरुवात. शाळेतलंही असंच होतं. थोडं शिका, थोडं थांबा, पुन्हा शिका. दवाखान्यात रात्रपाळी करणारी एक नर्स होती, तिची दोन मुलं मोठ्या सुट्टीत कुलपाआड टीव्हीसमोर बसायची. तिला हे इतकं पटलं की तीही आपल्या बाजूने माणसं जमवायला लागली.

मला वहिनीचा हा उत्साह बघून बरं वाटत होतं. मग एका दुपारी मी तलावावर गेले. पाणी गाळायची मोटर घरघरत होती, पाण्यात कुणी नव्हतं, आणि वहिनी ओल्या बाकावर बसून मुलांनी तरंगताना धरायच्या लाकडी फळ्या पुसत होती. मी सहज म्हटलं, तुझ्या तलावाचं नुकसान नाही का यात, मोठी सुट्टीच गेली तर. ती पुसायची थांबली.

"मोठी सुट्टीच नसेल, तर मोठी सुट्टी त्याच्याकडे कशी जाईल?" ती म्हणाली.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. दादाची रजा एका जागी असते, ती तुकड्यांनी मिळत नाही. शाळेची सुट्टी तुकड्यांची झाली तर त्यांतला एकही तुकडा त्याच्या रजेवर नीट बसणार नव्हता. आणि डोंगरापर्यंत जाण्यायेण्यातच लहान सुट्टी संपणार होती. म्हणजे वहिनीला त्याच्याशी भांडावं लागणार नव्हतं, कोर्टात जावं लागणार नव्हतं, एक शब्द बोलावा लागणार नव्हता. शाळाच तिचं काम करणार होती.

मी म्हटलं, हे बरोबर नाही. ती म्हणाली, मला माहीत आहे. मग फळी बाजूला ठेवून म्हणाली, "सगळ्यांच्या मुलांच्या हनुवटीखाली माझा हात असतो गं. तिच्याच नाही. किती वर्षं मी दुसऱ्यांची पोरं तरंगवत बसू?" आणि दादाला यातलं काही कळवायचं नाही, असंही तिने बजावलं. मी कळवलं नाही. दादा फोनवर खारूची चौकशी करायचा, सुट्टीत तिच्यासाठी खिडकीजवळ पलंग टाकणार आहे म्हणायचा, आणि मी हो हो करत राहायचे. त्या दिवसांत मला नीट झोप लागली नाही आणि मी दोघांवरही चिडलेली असायचे.

सभा सुट्टीच्या दिवशी सकाळी होती. शाळेच्या सभागृहात मुलांच्याच खुर्च्या मांडल्या होत्या, त्यामुळे सगळे पालक गुडघे छातीशी घेऊन बसलेले. या शाळेत मतदानाचा एक जुना नियम आहे, एक मूल, एक हात. फार पूर्वी बुटांच्या रंगावरून वाद झाला तेव्हा एका मुलाचे आईबाप, दोन्हीकडचे आजीआजोबा आणि मामा असे सगळे येऊन हात वर करून गेले होते, तेव्हापासून हा नियम. घरात कितीही माणसं असोत, मुलामागे हात एकच. नसेल जमत तर आपापसात ठरवून या. मला मूल नाही, त्यामुळे मला हातही नव्हता. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

वहिनी पुढच्या रांगेत होती, शेजारी नर्स. मुख्याध्यापिकांनी बोलायला सुरुवात केली आणि मागचं दार उघडलं. दादा आत आला. अंगावर कामाचाच शर्ट, पायात ते जड बूट, कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ, हातात पिशवी. शाळेचा निरोप दोन्ही पालकांच्या फोनवर जातो, हे साधं गणित ना वहिनीच्या डोक्यात आलं ना माझ्या. आम्ही दोघी इतकी वर्षं सगळे निरोप माझ्यामार्फतच जातात असं धरून चाललो होतो. त्याने माझ्याकडे बघितलं. तो रागावला असता तर मला परवडलं असतं. तो नुसता बघत होता, आणि मी मान वळवली.

चर्चा सुरू झाली ती आधी गुळमुळीत होती, मग तापली. घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ उठले. शांत माणूस, पण म्हणाले की सुट्टी कंटाळा येईपर्यंत लांब असली पाहिजे, कंटाळल्याशिवाय मूल स्वतःहून काही करत नाही. त्यावर नर्स म्हणाली, तुमच्या घरी आजी आहे, माझ्या घरी कुलूप आहे. कुणीतरी हसलं आणि ती आणखी चिडली. एका जोडप्याची दोन मुलं दोन शाळांत होती. एकाला सुट्टी तेव्हा दुसऱ्याची परीक्षा, मग आम्ही काय स्वतःचे दोन तुकडे करायचे का, असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापिका प्रत्येकाला बरोबर आहे, बरोबर आहे म्हणत होत्या, त्यामुळे कुणाचंच समाधान होत नव्हतं. वहिनीने आपला श्वासाचा मुद्दा मांडला. चांगला मांडला. पण मागे दादा बसलाय हे तिला कळलं होतं आणि तिची बोटं शिट्टीच्या दोरीला पीळ घालत होती.

मग हात मोजायची वेळ आली. नव्या आखणीच्या बाजूने कोण, असं विचारल्यावर पुष्कळ हात वर गेले, त्यात वहिनीचा सगळ्यांत ताठ. जुन्याच्या बाजूने कोण, विचारल्यावर घड्याळवाल्यांचा गेला, त्या जोडप्याचा गेला, आणखी काही गेले, आणि मागून दादाचा गेला. मोजणाऱ्या शिक्षिका थबकल्या. त्यांनी दादाकडे बघितलं, मग वहिनीकडे, मग मुख्याध्यापिकांच्या कानाशी लागल्या. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

"एक मूल, एक हात," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आवाज मवाळ ठेवून. "तुम्ही दोघं बाहेर बोलून या. आम्ही थांबतो."

ती दोघं उठली आणि त्यांच्यामागे मीही निघाले, कारण त्यांना दुभाषी लागतो. बाहेर व्हरांड्यात मुलांचे हात धुवायचे नळ होते, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीचे. दादा एका टोकाला उभा राहिला, वहिनी दुसऱ्या टोकाला, मी मध्ये. सवयीने दादा माझ्याकडे बघून म्हणाला, की तिला सांग. पुढे काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "मी बहिरी नाही."

किती वर्षांनी ती त्याच्याशी थेट बोलली होती. दादाने पिशवी खाली ठेवली, परत उचलली. मग म्हणाला, आपण खारूलाच विचारू, तिला काय हवं ते करू.

"नाही," वहिनी म्हणाली. "तिच्या हातात हा हात द्यायचा नाही. ती ज्याच्या बाजूने बोलेल, ती दुसऱ्याला तोंड दाखवताना घाबरेल. आपण मोठे आहोत, आपण ठरवू."

दादाने मान हलवली. बराच वेळ तो त्या बुटक्या नळांकडे बघत राहिला. आत खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता, लोक कंटाळले होते. मला वाटलं आता तो कोर्टाचं काढेल, माझ्या हक्काचं आहे म्हणेल, आणि हिचा बांध फुटेल.

"माझ्याकडे आली की पहिला आठवडा ती बॅग रिकामी करत नाही," दादा म्हणाला. "कपडे बॅगेतून काढते, धुऊन परत बॅगेत घालते. कपाट रिकामं असतं. मग कधीतरी एक दिवस कपाटात लावून टाकते, आणि त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलायला लागते. लहान सुट्टी झाली, तर मला फक्त बॅगच दिसेल."

वहिनीचा चेहरा मी बघत होते. तिला राग यावा असं त्यात काही नव्हतं, तरी तिचा चेहरा कुणी थोबाडीत मारावी तसा झाला. तिने विचारलं, खरंच? तो हो म्हणाला. मग म्हणाला, की मला वाटायचं तू तिला तसं शिकवून पाठवतेस.

"माझ्याकडेही तसंच असतं," वहिनी हळूच म्हणाली. "तुझ्याकडून परत आली की बॅग पलंगाखाली. मी ओरडते, अगं आवर. आवरत नाही. मला वाटायचं तू तिचे कान भरतोस."

माझ्या लक्षात आलं की मी रडतेय. आमची खारू वर्षातून दोनदा अशी मुक्कामाला आल्यासारखी राहायची, आणि आम्ही तिघं शहाणी माणसं त्याचे भलतेच अर्थ काढत होतो. आता सुट्ट्या चार झाल्या आणि तिला दर वेळी इकडून तिकडे पाठवलं, तर तिची बॅग कधी रिकामी होणारच नव्हती. आणि पाठवलं नाही, तर तिला बाप नव्हता.

वहिनी आत गेली आणि तिने जुन्याच्या बाजूने हात वर केला. सभागृहात कुजबुज झाली. ज्या बाईने महिनाभर नव्याचा झेंडा मिरवला तीच आता उलटली. नर्सने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की मला तिची बाजू घेऊन काहीतरी सांगावंसं वाटलं, पण हात नसलेल्याने बोलायचं कसं? वहिनी मान खाली घालून उभी होती. मुख्याध्यापिकांनी पुन्हा मोजायला लावलं.

नवी आखणी मंजूर झाली. एका हाताने काही फरक पडला नाही. वहिनीने आपलं काम इतकं चोख केलं होतं, की आता तिला स्वतःलाही ते मोडता येत नव्हतं.

लोक बाहेर पडले. दादा फाटकाशी आमच्यापाशी थांबला आणि म्हणाला, ठरलं होतं मोठी सुट्टी, आता मोठी सुट्टीच नाही, मग बघू कसं जमतं ते. एवढं बोलून त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि बसथांब्याच्या दिशेने चालायला लागला. जड बूट, वाकलेली पाठ. वहिनीला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तिच्या तोंडावर मात्र थेंबभर आनंद नव्हता.

"तुझ्या बाहेरच्या खोलीत काय आहे?" तिने मला एकाएकी विचारलं.

मी म्हटलं, शिलाई मशीन, मोडकी खुर्ची, जुन्या रजया. ती म्हणाली, हलव ते. मग तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. इतक्या वर्षांत त्याला हाक मारायची तिची सवय गेली होती. तिने शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली.

रस्त्यावरचे सगळे दचकून उभे राहिले. सायकलवरून चाललेल्या एका मुलाने तर घाबरून पाय टेकले. दादाही जागच्या जागी थांबला, पाठमोराच, काठावर पळताना पकडलेल्या पोरासारखा. वहिनी तरातरा चालत त्याच्यापाशी गेली, मी तिच्यामागे.

"तुझी रजा मोडत नाही ना? मग तू ये," ती म्हणाली. "ती येणार नाही, तू यायचंस. हिच्याकडे राहा. शाळा चालू असेल, सकाळी सोडायची, दुपारी आणायची, जेवायला घालायचं. संध्याकाळी तलावावर आणून सोड, ती माझी वेळ. आणि मी माफ केलंय असं समजू नकोस. माझ्या घरातले डबे जिथे आहेत तिथेच राहतील."

दादाने माझ्याकडे बघितलं. घर माझं होतं, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, मशीन हलवायला कोण येणार ते आधी सांगा.

या वर्षी वादळी वारे सुटले आणि दादा आला. पहिले काही दिवस माझ्या घरात कमालीचं अवघडलेपण होतं. तो सकाळी खारूला शाळेत सोडायचा आणि दिवसभर काय करावं ते न कळून माझे दिवे दुरुस्त करत बसायचा, जे बिघडलेले नव्हते. संध्याकाळी तलावाच्या बाकावर बसायचा, पाण्यापासून शक्य तितका लांब. वहिनी त्याच्याकडे बघायची नाही. पाण्यात तिचा हात खारूच्या हनुवटीखाली असायचा, आणि दादा बाकाची कड घट्ट धरून बसायचा, जणू बुडणार असेल तर तोच.

त्याची बॅग बाहेरच्या खोलीत दाराशी पडून होती. मी कपाटातला एक कप्पा मोकळा करून दिला होता, तो तसाच रिकामा. शर्ट बॅगेतून काढायचा, वाळला की घडी घालून परत बॅगेत. मी एकदा टोकलं, तर म्हणाला, राहू दे, लावीन.

आठवडा झाला असेल. मी दवाखान्यातून आले तर बाहेरच्या खोलीत खारू जमिनीवर फतकल मारून बसली होती, केस ओले, अंगाला तिच्या आईसारखाच वास. बॅग उघडी होती. ती बापाचे शर्ट एकेक करून कपाटात ठेवत होती, आणि दादा दारात उभा होता, मध्ये न पडता, कुठला शर्ट कुठे ठेवावा ते न सुधारता.

तिने शेवटचा शर्ट ठेवला, रिकामी बॅग मिटली आणि पलंगाखाली ढकलली.

"बाबा, आता माझ्याशी नीट बोल," ती म्हणाली.